पडद्यावरची पेशी आणि ताटातला कांदा

आपल्या सामुदायिक रेडिओवर मी बहुतेक वेळा बचतीबद्दल, कर्जाच्या हप्त्यांबद्दल, नाहीतर शेळीपालनाबद्दल बोलते. आज विषय जरा वेगळा आहे. आपल्या मुली नववी-दहावीत गेल्या की विज्ञानाच्या पुस्तकात जीवशास्त्र येतं. पेशी, पचन, रक्ताभिसरण, प्रजनन, आनुवंशिकता असे धडे येतात. हे धडे फोनवरून, म्हणजे ऑनलाइन शिकवणीतून, नीट शिकवता येतात का? येत असतील तर कसे? आणि त्यात आपल्यासारख्या बायांचं काम काय? याबद्दल मी आज बोलणार आहे.

तुम्ही म्हणाल, हिला काय कळतं त्यातलं? खरं आहे. मी बीए आहे, तेही मराठी घेऊन. दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक हातात धरलं नव्हतं. पण गेली दोन वर्षं आमच्या गावात गटाच्या खोलीत मुलींची ऑनलाइन शिकवणी चालते आणि तिची व्यवस्था माझ्याकडे आहे. पहिल्या महिन्यात आम्ही सपशेल आपटलो. का आपटलो आणि मग काय बदललं, ते ऐका. तुमच्या गावात कुणी असं सुरू करत असेल तर आमच्या चुका तुम्हाला पुन्हा करायला नकोत.

सुरुवात अशी झाली. आमचा भाग कोरडवाहू. शिकवणी लावायची तर तालुक्याला जावं लागतं आणि परतीची शेवटची एसटी साडेपाचला सुटते. मुलगे मोटरसायकलवर जातात. मुलींना कोण पाठवणार? २०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा फोनवर शिकणं काय असतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. फार चांगली आठवण नव्हती ती. तरी एका बैठकीत विषय निघाला. आमच्या गटातल्या एका ताईंची भाची बीएस्सी झालेली, पुण्याला नोकरी करते. ती म्हणाली, आठवड्यातून तीन दिवस तासभर शिकवते. मानधन थोडं ठरलं, ते मुलींच्या आयांनी वाटून घेतलं. अकरा मुली तयार झाल्या, फोन चार. मुली तिला ताई म्हणायच्या, म्हणून मीही इथं तिला पुण्याची ताईच म्हणते.

पहिल्या महिन्यात तिने मोठ्या कष्टाने चित्रं तयार केली, व्हिडिओ दाखवले. पेशी रंगीत, त्यात केंद्रक जांभळं, हरितलवक हिरवं. मुली बघायच्या, वहीत उतरवून घ्यायच्या. "समजलं का?" म्हटलं की सगळ्या मिळून "हो ताई." महिना संपताना तिने सहज विचारलं, "पेशी केवढी असते गं?" कुणीच बोलेना. मग एकीने दोन्ही हातांनी दाखवलं, "बटाट्याएवढी."

आम्ही हसलो. पण ताई हसली नाही. ती म्हणाली, "चूक तिची नाही. पडद्यावर मी बटाट्याएवढीच दाखवली."

बघा, इथं खरी गोम आहे. पडद्यावर हत्तीही वीतभर दिसतो आणि पेशीही वीतभर दिसते. पडद्यावरच्या वस्तूला आकार नसतो, वास नसतो, ती गरम की गार ते कळत नाही. गणित पडद्यावर शिकवता येतं, कारण आकडा कागदावर लिहिला काय आणि पडद्यावर काय, आकडाच असतो. जीवशास्त्र हे जिवंत वस्तूंचं शास्त्र. वस्तू हातात आली नाही तर मुलगी चित्र पाठ करते. परीक्षेत ते चित्र काढतेही, पण ते तिच्या अंगणातल्या झाडाचं किंवा तिच्या स्वतःच्या अंगाचं आहे हे तिला कळत नाही.

म्हणून ताईने पद्धत उलटी केली. तासाच्या आदल्या दिवशी ती व्हॉट्सॲपवर यादी पाठवू लागली. यादी कसली, वाणसामानच ते. कांदा, बटाटा, मटकी, मनुका, मीठ, विरजण. आधी हातात वस्तू, मग प्रश्न, आणि चित्र सगळ्यांत शेवटी. यातले काही तास मी तुम्हाला सांगते.

पहिला कांद्याचा. कांदा चिरून एक जाड पाकळी घ्यायची. तिच्या आतल्या, खोलगट बाजूला एक अगदी पातळ पापुद्रा असतो. नखाने हळूच ओढला तर निघतो. आपण रोज कांदा चिरतो, पण तो कधी पाहिलेला नसतो. त्या पापुद्र्यात पेशींचा एकच थर असतो, विटांची भिंत असावी तसा. एक पेशी लांबीला साधारण पाव मिलिमीटर. म्हणजे पट्टीवरच्या दोन बारीक रेघांमध्ये जी जागा असते, तेवढ्यात चार पेशी ओळीने बसतील. मुलींनी पट्टी काढली, ती जागा पाहिली, आणि बटाटा डोक्यातून गेला.

पण पेशी दिसायची कशी? त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो. ताईने आम्हाला टपालाने कागदी सूक्ष्मदर्शक पाठवला. त्याला फोल्डस्कोप म्हणतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश या भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञांनी आपल्या विद्यार्थ्यांबरोबर तो तयार केला. २०१४ साली त्यांनी त्याची माहिती जगासमोर मांडली. जाड कागदाची घडी आणि त्यात एक बारीक भिंग, वस्तू सुमारे १४० पट मोठी दिसते. तो नसेल तर शाळेच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक मागता येतो. सरांच्या समोर पापुद्रा ठेवायचा, भिंगावर फोन टेकवून फोटो काढायचा आणि तोच फोटो संध्याकाळच्या तासाला उघडायचा. फोटो इंटरनेटवरून घेतलेला नसावा, आपल्याच कांद्याचा असावा. एवढ्या एका गोष्टीने केवढा फरक पडतो ते मी पाहिलं आहे. त्यात हिरवा ठिपका का नाही, असं एकीने विचारलं. कांदा जमिनीखाली वाढतो, उजेड नाही, म्हणून हरितलवक नाही. हे उत्तर तिला पाठ करावं लागलं नाही.

त्या दिवशी ताईने एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. पेशी हे नाव रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाच्या कापात दिसलेल्या खणांवरून दिलं, ते १६६५ साली. त्यानंतर काही वर्षांनी हॉलंडमधल्या लेवेनहूक नावाच्या माणसाने पाण्याच्या थेंबातले जिवंत सूक्ष्मजीव पहिल्यांदा पाहिले. तो कोणत्याही विद्यापीठात गेलेला नव्हता. कापडाचा व्यापारी होता, स्वतः भिंगं घासून बनवायचा. तेव्हा आपण शिकलेल्या नाही म्हणून आपल्याला कळणार नाही, असं म्हणायचं कारण नाही.

दुसरा तास मिठाचा. मनुका पाण्यात टाकल्या तर फुगतात. फुगलेल्या मनुका दाट मिठाच्या पाण्यात टाकल्या तर पुन्हा आक्रसतात. पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी कमी मिठाकडून जास्त मिठाकडे जातं. पुस्तकात याला परासरण म्हणतात. मुली शब्द घोकत बसल्या होत्या, तेव्हा भिंतीकडेला बसलेली एक आई म्हणाली, "अगं, कैरीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, तेच ना हे?" ताई म्हणाली, "काकू, अगदी तेच. आणि लोणचं का टिकतं, तेही यातच आहे. जंतूंच्या पेशीतलं पाणीही मीठ ओढून घेतं." त्या दिवसापासून त्या काकूंना मुली परासरण काकू म्हणतात. त्यांना आवडतंही ते.

तिसरा तास भाकरीचा. भाकरीचा घास तोंडात घेऊन दोन मिनिटं नुसता चावत राहायचा, गिळायचा नाही. हळूहळू गोड लागायला लागतो. लाळेतलं विकर पिष्टमय पदार्थाची साखर करू लागतं म्हणून. म्हणजे पचन पोटात नाही, तोंडातच सुरू होतं. मग वेगळ्या बशीत बटाट्याच्या कापावर, भातावर आणि काकडीवर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयोडीनच्या औषधाचा एकेक थेंब टाकायचा. बटाटा आणि भात निळे-काळे होतात, काकडीवर तपकिरी डाग तसाच राहतो. पिष्ट कशात भरपूर आहे ते डोळ्यांना दिसतं. मात्र आयोडीन लावलेलं अन्न खायचं नाही, जनावरालाही घालायचं नाही, पुरून टाकायचं आणि हात धुवायचे. हे सांगणारं मोठं माणूस समोर असावंच लागतं. ताई पडद्यातून हात धरू शकत नाही.

चौथा मटकीचा. चार वाट्या घ्या. एकीत मटकी कोरडी. दुसरीत ओल्या फडक्यात. तिसरीत पूर्ण पाण्यात बुडवलेली. चौथीत ओल्या फडक्यातच, पण फ्रिजमध्ये. गावात ज्यांच्याकडे फ्रिज आहे त्यांच्याकडे ठेवा. दोन दिवसांनी बघा. कोरडी तशीच राहते, तिला पाणी नाही. ओल्या फडक्यातली मोडावते. बुडवलेलीला हवा कमी पडते, ती नीट मोडावत नाही आणि वास मारू लागते. फ्रिजमधली फार सावकाश, तिला ऊब नाही. मोड यायला पाणी, हवा आणि ऊब तिन्ही लागतात, हे आपल्याला माहीतच आहे. पण मुली यातून आणखी एक गोष्ट शिकल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या सारख्या ठेवायच्या, मगच कारण कळतं. शास्त्राची सगळी रीत एवढ्यात आली. आपणही शेळीला नवा खुराक आणि नवं औषध एकाच दिवशी सुरू केलं तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

असे तास सुरू झाले आणि आयांचं काम काय ते आपोआप ठरत गेलं. आधी आम्ही तास सात वाजता ठेवला होता. ती भाकरी थापायची वेळ. मुली चुलीजवळ अडकायच्या. मग साडेआठ केला. पण अंधारात मुलींनी एकटं यायचं कसं, म्हणून आया सोबत येऊ लागल्या. आल्या म्हणजे बसल्या. कुणी शेंगा फोडत, कुणी गोधडीला टाके घालत. आणि कान तर उघडेच असतात.

ताईने आयांना तीनच प्रश्न शिकवले. तुला काय दिसलं? ते कशामुळे झालं असं वाटतं? अमुक बदललं तर काय होईल? हे प्रश्न विचारायला विज्ञान यावं लागत नाही. उत्तर बरोबर की चूक हे आईला कळायची गरज नाही, ते ताई बघते. आईने फक्त मुलीला बोलतं करायचं. फोनवर शिकताना मुली गप्प बसतात, ही मोठी अडचण असते. शिकवणाऱ्याला चेहरा दिसत नाही, आवाज बंद असतो, कुणाला समजलं नाही ते कळतच नाही. शेजारी कुणी विचारणारं असलं की ही अडचण निम्मी होते.

आता मी जरा नाजूक विषयाकडे येते. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात प्रजननाचा धडा आहे. तो जवळ आला तेव्हा दोन घरांतून निरोप आला, हा धडा सोडा, पोरींना काय करायचंय. मी ताईला कळवलं. ती म्हणाली, "आधी आयांना शिकवते. त्यांनी ऐकावं आणि मग ठरवावं." एका रविवारी दुपारी फक्त बायांचा तास झाला. पाळी का येते, गर्भाशयाचं अस्तर कसं तयार होतं आणि कसं सुटतं, हे तिने चित्र काढून सांगितलं. पाच लेकरांच्या आया त्यात होत्या, आणि हे त्यांना कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. मीही त्यांच्यातच होते.

मग तिने मला दोन वाट्या मांडायला सांगितल्या. एक आईची, एक बापाची. आईच्या वाटीत दोन मूग. बापाच्या वाटीत एक मूग आणि एक उडीद. ती म्हणाली, "माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यातली एक जोडी मुलगा की मुलगी ते ठरवते. बाईची जोडी एक्स-एक्स, म्हणजे मूग-मूग. पुरुषाची एक्स-वाय, म्हणजे मूग आणि उडीद. बाळाला आईकडून एक दाणा मिळतो, बापाकडून एक. आता डोळे मिटून काढा."

आईच्या वाटीतून काहीही काढा, मूगच येणार. बापाच्या वाटीतून मूग आला तर दोन मूग, मुलगी. उडीद आला तर मुलगा. प्रत्येक वेळी दाणे परत टाकायचे आणि पुन्हा काढायचं. आम्ही वीस वेळा काढले. अकरा वेळा मुलगी, नऊ वेळा मुलगा. मध्ये एकदा ओळीने तीन मुली आल्या.

आमच्या गटात एक जण आहे, तिला तीन मुली. मधली मुलगी आमच्या शिकवणीत आहे. तिने आयुष्यात काय ऐकलं असेल ते मी सांगायला नको, तुमच्या प्रत्येकीच्या गावात ती आहे. ती सगळा वेळ गप्प होती. तीन मुली ओळीने आल्या तेव्हा पुढे सरकली आणि म्हणाली, "परत सांग बरं. आईच्या वाटीत उडीद नाहीच?" ताई म्हणाली, "नाहीच, मावशी." तिने विचारलं, "मग मी नवस कशाला केले?" कुणी काही बोललं नाही.

ताईने थोड्या वेळाने आणखी एक सांगितलं, आणि तेही महत्त्वाचं आहे. याचा अर्थ दोष बापाला द्यायचा, असा नाही. कोणता दाणा जाईल हे त्याच्याही हातात नसतं. वाटीला मागचं आठवत नाही. तीन मुली झाल्या म्हणून चौथ्या वेळी मुलगा व्हायलाच पाहिजे, असंही नसतं. दर वेळी तीच निम्मी-निम्मी शक्यता. यात दोष कुणाचाच नाही, कारण मुलगी होणं हा दोषच नाही. आणि गर्भात काय आहे ते तपासून सांगणं हा १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही त्या दिवशी बोललं गेलं.

धडा सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या तासाला तीच मधली मुलगी दोन वाट्या घेऊन बसली. आता ती घरी आलेल्या पाहुण्यांनाही डोळे मिटून दाणे काढायला लावते, असं तिची आई सांगते. सासूबाईंनीही काढले म्हणे, आणि काही न बोलता उठून गेल्या. त्यांचं मत बदललं की नाही, मला माहीत नाही. पण घरात पहिल्यांदा कुणीतरी उलटून काही दाखवलं.

रक्ताच्या धड्यालाही असंच झालं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांमध्ये रक्त कमी आढळलं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की बाईचं रक्त कमी धरतात, गरोदरपणी ११ च्या खाली. मुलींनी धडा वाचला आणि आशाताईंना विचारून आपापले आकडे वहीत लिहिले. हिमोग्लोबिन फुप्फुसातला प्राणवायू अंगभर नेतं, ते कमी असलं की धाप लागते, हे त्यांनी स्वतःची नाडी मोजून आणि मग टाकीच्या पायऱ्या चढून मोजून पाहिलं. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबू-आवळ्याबरोबर घेतली तर लोह जास्त लागू पडतं, हे आता घराघरात मुली सांगतात.

आता एक अशी गोष्ट, जिथं समोरासमोरची शिकवणी कमी पडली असती आणि फोनच कामी आला. आमच्या अकरापैकी एक मुलगी दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली. दरवर्षी जाते. धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नाही, म्हणून. मार्चपर्यंत कारखान्याच्या तळावर, कोपीत. मी धरून चालले होते की तिचं शिक्षण संपलं. ताई म्हणाली, "फोन आहे ना बापाचा?" फोन होता, पण दिवसभर बापाजवळ, चार्जिंग ट्रॅक्टरवर, व्हिडिओ चालेल एवढं नेटवर्क नाही. मग ताईने तिच्यासाठी वेगळी सोय केली. प्रत्येक धड्यासाठी चार-पाच मिनिटांचा आवाजी निरोप आणि एक फोटो. रात्री बाप फोन द्यायचा, ती ऐकायची, वहीत लिहायची आणि वहीचा फोटो पाठवायची.

एके दिवशी शाकीय प्रजननाचा धडा होता. म्हणजे बी न लावता खोडापासून, मुळापासून, पानापासून नवं झाड होणं. ताईने तिला विचारलं, "तुझ्या आजूबाजूला असं काही दिसतं का?" दुसऱ्या दिवशी तिने उसाच्या कांडीचे फोटो पाठवले. पेरावरचा डोळा, बोट ठेवून दाखवलेला. खाली आवाजी निरोप, "ताई, दोन डोळ्यांची टिपरी लावली की इथून कोंब येतो. आणि फड तोडला तरी बुडातून परत फुटतो, त्याला खोडवा म्हणतात. हे बी नाही, मग हे शाकीयच ना?" त्या दिवशी ताईने तयार केलेलं चित्र उघडलंच नाही. दहा मुली गटाच्या खोलीत आणि त्यांना अकरावी मुलगी उसाच्या फडातून शिकवत होती.

मुलगी मार्चअखेर परतली. परीक्षेला बसली. बाकीच्या विषयांत कशीबशी, विज्ञानात बरी पास झाली. पुढच्या दिवाळीला ती जाऊ नये म्हणून धाकट्या भावाची सोय तिच्या आजीकडे करायचा प्रयत्न आम्ही गटातून करतो आहोत. अजून नक्की झालेलं नाही. फोनवरची शिकवणी तेवढी अडचण सोडवत नाही, ती आपल्यालाच सोडवावी लागणार.

तुम्हाला असं काही सुरू करायचं असेल तर थोडक्यात सांगते.

एका फोनवर तीन-चारपेक्षा जास्त मुली नकोत. फोन डब्यावर आडवा ठेवून कॅमेरा खाली, हातांकडे करा. शिकवणाऱ्याला चेहऱ्यापेक्षा मुलींचे हात काय करतात ते दिसायला हवं. व्हिडिओ असेल तर सकाळी नेटवर्क बरं असताना आधीच उतरवून घ्या, तासाच्या वेळी फक्त बोलणं चालू ठेवा. बालभारतीची पुस्तकं संगणकाच्या प्रतीत फुकट मिळतात आणि पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर स्कॅन केला की धड्याचं साहित्य उघडतं. आधी ते वापरा, महागडे कोर्स घ्यायची घाई नको.

सुरक्षिततेचं विसरू नका. तासाची लिंक बाहेर कुणाला द्यायची नाही. शिकवणारी व्यक्ती ओळखीची असली तरी बोलणं गटावरच, एकटीशी वेगळं नको. आमची ऊसतोडीला गेलेली मुलगीही बापाच्या फोनवर आणि मला त्यात ठेवूनच बोलायची. मुलींचे फोटो पाठवायचे नाहीत, वहीचे आणि हातांचे पाठवा. खोलीत एक तरी बाई बसलेली हवी. स्पिरिट, विस्तव, ब्लेड लागणारे प्रयोग गटाच्या खोलीत करायचे नाहीत. ते शाळेच्या प्रयोगशाळेतच. शिकवणी लावली म्हणून मुलीने शाळा बुडवायची नाही, हे तर आलंच.

आणि हिशेब वहीत लिहा. कुणी किती दिलं, रिचार्ज किती, ताईला किती. बचत गटाची सवय इथंही कामी येते. ज्या आईला त्या महिन्यात जमलं नाही तिच्या मुलीला बाहेर काढायचं नाही, हे आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवलं होतं.

शेवटी एकच काम देते. या आठवड्यात कांदा चिरताना आपल्या मुलीला हाक मारा. पाकळीच्या आतला पापुद्रा तिला काढून दाखवा आणि विचारा, "यात तुला काय दिसतं?" तिला उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तर पट्टी आणायला सांगा. बाकीचं ती विचारत जाईल.

बरं तर मैत्रिणींनो, येते मी. नमस्कार.